नलूमावशी आणि डोंगराची लहर

नलूमावशी,

परवा तुमच्यासाठी आम्ही सगळे जमलो, तेव्हा एक गोष्ट उघडकीला आली. तुमच्याबद्दल दोन शब्द बोलायला जो जो उभा राहिला, त्याला त्याला तुम्ही पळून कुठे जायचं ते सांगून ठेवलेलं होतं. देवळातले गुरुजी म्हणाले, "आजींनी मला बजावलं होतं, पूजेला आलात आणि मधेच भोंगा झाला तर सोवळं बघत बसू नका, सरळ टेकडी गाठा." तुमच्या दातांच्या डॉक्टरकडची मुलगी रडत रडत सांगत होती, की तोंडात कापसाचे बोळे असतानासुद्धा तुम्ही तिला हातवारे करून चर्चमागची पायवाट दाखवलीत. पोस्टमन युनिफॉर्ममध्येच आला होता. त्याला तर म्हणे तुम्ही पत्रं टाकून द्यायची परवानगीही देऊन ठेवली होती. रडायला आलेली माणसं इतकी हसली, की बाजूच्या खोलीतून कोणीतरी डोकावून गेलं. तुमचा आशुतोष डोळे पुसत मला म्हणाला, "मेधा, आईनं अख्ख्या गावाचा विमा उतरवला होता गं."

खरंच की. तीस वर्षं कराडात विमा विकलेल्या बाईला दुसरं काय सुचणार? "देव न करो, पण" ही तुमच्या प्रत्येक वाक्याची सुरुवात. देव न करो, पण गॅस चालू राहिला तर. देव न करो, पण पोरगी झोपाळ्यावरून पडली तर. माझा नवरा समीर तुम्हाला चिडवायचा, "मावशी, देवाला तुम्ही इतक्या गोष्टी करू नको म्हणून सांगितल्यात, त्याला दुसरं काम उरलं नाही." त्यावर तुम्ही त्याला विचारायचात, "तुझ्या गाडीत ब्लँकेट आहे का?"

आम्ही इथे आलो ते २००३ साली. समीरचं ऑफिस सिअ‍ॅटलच्या पलीकडे, पण आम्हाला अंगण हवं होतं, म्हणून खाली दक्षिणेला, खोऱ्यातल्या ह्या लहानशा गावात घर घेतलं. घर दाखवणाऱ्या बाईंनी किचनच्या खिडकीकडे हात करून "माउंटन व्ह्यू!" म्हटलं होतं. खिडकीत ढग होता. महिना झाला, दोन झाले, ढग हलायचं नाव घेईना. मी नागपूरची. आमच्याकडे ढग येतात, पडतात आणि जातात, असे मुक्कामाला राहत नाहीत. मला वाटलं, फसवलं आपल्याला. मग एका सकाळी कढई घासताना मान वर केली, तर खिडकीत डोंगर! अर्धं आभाळ पांढरं झालेलं. माझ्या हातातून कढई सुटली. पलीकडच्या घरातला म्हातारा डेल आपल्या कुंपणाला टेकून कॉफी पीत होता. तो शांतपणे म्हणाला, "द माउंटन इज आउट." इथे असंच म्हणतात. डोंगर आज बाहेर आलाय. जसा काही इतके दिवस तो आंघोळीला गेला होता.

पण तो नुसता डोंगर नाही, ज्वालामुखी आहे, हे मला कळायला तुम्ही यावं लागलं.

तुम्ही पुढच्या वर्षी आलात, आमच्या डाव्या बाजूच्या घरात, आशुतोषकडे. तुम्हाला येऊन आठवडासुद्धा झाला नसेल. सोमवारी दुपारी भोंगा झाला आणि तुम्ही कणकेच्या हातांनी माझ्या दारात. आपली अजून ओळखही झालेली नव्हती.

"काय गं, इथे साखर कारखाना आहे का?"

"नाही हो. फायर स्टेशनचा असेल. महिन्यातून एकदा वाजतो."

"महिन्यातून एकदाच आग लागते?"

संध्याकाळी आशुतोष घरी आल्यावर तुम्ही त्याला धरलंत, आणि साक्षीला मला आणि माझ्या लेकीला, ऋचाला, बोलावून घेतलंत. तो बूट काढता काढता म्हणाला, "अगं आई, तो टेस्टचा भोंगा. तो समोरचा डोंगर आहे ना, माउंट रेनियर, तो ज्वालामुखी आहे."

"हा? ह्याच्यावर तर बर्फ आहे."

"बर्फाच्या खाली आहे."

"खाली कोणी ठेवला?"

मग त्याने सगळं सांगितलं. वर इतकी हिमनद्यांची पांघरुणं आहेत, की खालचा पहाड धड दिसतही नाही. पण पोटात अजून ऊब आहे. शिखरावर वाफेने बर्फात गुहा पडल्यात. कधी आतला ताप वाढला, किंवा नुसता एखादा कुजका कडा ढासळला, तरी बर्फ, पाणी, दगड, झाडं सगळं एक होऊन ओल्या सिमेंटसारखा चिखल खाली सुटणार, नदीच्या वाटेने. आणि नदी मागच्या रस्त्याच्या पलीकडे. आपलं गाव असल्याच जुन्या चिखलावर वसलंय, म्हणून तर एवढं सपाट आहे, म्हणून तर टोमॅटो इतके छान येतात.

तुम्ही एवढंच विचारलंत, "हे तुला घर घ्यायच्या आधी माहीत होतं का नंतर कळलं?"

आशुतोष फ्रिज उघडून उभा राहिला.

ऋचा तेव्हा पहिलीत होती. शाळेत शिकवलेलं तिला सांगायचं होतं. "आजी, इट्स कॉल्ड अ लाहार."

"काय?"

"लाहार."

"लहर?" तुम्ही खिडकीतून त्या पांढऱ्या प्रकरणाकडे बघितलंत. "म्हणजे डोंगराला लहर आली की आपण गेलो. नाव मात्र अगदी बरोबर ठेवलंय."

ऋचाने तुम्हाला खूप समजावलं, की तो दुसऱ्या कुठल्या तरी देशातला शब्द आहे. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलं नाहीत. नंतर तिच्या वर्गातली मुलंही लहरच म्हणायला लागली, हे तुम्हाला कळलं होतं का?

त्या उन्हाळ्यात तुम्ही हट्ट धरलात, की एकदा जवळून बघून घ्यायचं. "ज्याच्यापासून पळायचं त्याचं तोंड तरी बघायला नको?" आपण सगळे गेलो. गाड्या जिथपर्यंत जातात त्या जागेचं नाव पॅरडाइज. तिथे पार्किंग मिळेना. समीर गोल गोल फिरत होता आणि तुम्ही मागच्या सीटवरून म्हणालात, "स्वर्गाच्या दारात येऊन माणूस जागा शोधतोय. आमच्या कराडच्या मंडईत बरी मिळते." शेवटी आत गेलो तर हॅट घातलेला एक तरुण रेंजर डोंगराचं मॉडेल घेऊन लोकांना समजावत होता. त्याचं झाल्यावर तुम्ही मला पुढे ढकललंत. "त्याला विचार, कधी?"

मी विचारलं. तो म्हणाला, उद्याही होऊ शकतं, आपल्या नातवंडांच्या नातवंडांच्या काळातही होऊ शकतं, कोणी सांगू शकत नाही, तयारीत राहावं हे उत्तम. मी मराठीत सांगितलं. तुम्ही त्या पोराकडे कौतुकाने बघत राहिलात. "एजंट आहे," म्हणालात. "मी अगदी असंच बोलायचे. शब्दन् शब्द." आणि जाऊन त्याचा हात हातात घेऊन हलवलात. तो बावरला, पण त्याने तुमच्याबरोबर फोटो काढून घेतला.

तिथून परत आल्यावर तुमचं काम सुरू झालं. प्रत्येक घरात एक पिशवी. दाराजवळ, खुंटीला. पिशवीत काय असावं यावर तुमची माझी पहिली चकमक झाली. मी लॅपटॉप ठेवला होता. तुम्ही तो दोन बोटांनी बाहेर काढलात. "चिखलात हा काय कामाचा? सुंठ ठेव. मोजे ठेव. चिवडा ठेव, पण खोबऱ्याचा नको, खवट होतो." दर तीन महिन्यांनी चिवडा बदलायचा. जुना आम्ही संपवायचा. समीरचं वजन वाढलं ते ज्वालामुखीमुळे, असं तो अजूनही डॉक्टरला सांगतो.

सगळ्यात कठीण गिऱ्हाईक होता डेल. जन्म ह्याच गावातला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, कंबर दुखरी. तो म्हणायचा, डोंगर मला ओळखतो, माझ्या हयातीत तो काही करणार नाही. हे तो इंग्रजीत म्हणायचा. तुम्ही त्याला मराठीत उत्तर द्यायचात. कुंपणाच्या अल्याड-पल्याड तासतासभर हे चालायचं आणि दोघांपैकी एकालाही दुभाषा लागायचा नाही. एकदा मी खिडकीतून ऐकत होते. तो त्याच्या ट्रकच्या बॅटरीबद्दल बोलत होता आणि तुम्ही तुमच्या जावेबद्दल. दोघंही माना डोलावत होतात. पण त्याच्याही दाराजवळ पिशवी आली. तुम्ही स्वतःच शिवून दिलीत, जुन्या पडद्याची. तो ती गावात सामान आणायलाही न्यायचा, आणि तुम्ही रस्त्यावर त्याला अडवून रिकामी केल्याबद्दल रागवायचात.

मावशी, हे मी हसत हसत लिहितेय खरं. मधेच एक लिहायलाच हवं. २००५ मध्ये माझी आई तिकडे नागपूरला अचानक वारली, आणि माझे व्हिसाचे कागद तेव्हा अडकलेले होते. निघाले असते तर परत येता आलं नसतं. ऋचा इथे, समीर इथे. मी गेले नाही. तेव्हा सगळे फोनवर बोलले, सगळ्यांनी समजूत घातली. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. सकाळी यायचात, मुगाची खिचडी टाकायचात, ऋचाची वेणी घालून तिला बसपर्यंत सोडायचात आणि माझ्याजवळ येऊन भाजी निवडत बसायचात. एवढी मेथी आपण त्या दिवसांत निवडली, की पुढे कितीतरी महिने आमच्याकडे कोणी मेथीचं नाव काढलं नाही. आयुष्यात त्या एकाच आठवड्यात मी तुमच्या तोंडून "देव न करो" ऐकलं नाही.

त्यानंतरच आपलं ते मोठं भांडण सुरू झालं. अजून संपलेलं नाही, म्हणून लिहितेय.

एका दुपारी चहा पिताना तुम्ही सहज म्हणालात, "हे बघ, ठरवून टाकू. भोंगा झाला की ऋचा घरी असेल तर तिचा हात धरायचा, शाळेत असेल तर शाळावाले तिला टेकडीवर नेतीलच. तू सरळ टेकडी गाठायची. गाडी काढायची नाही, रस्ते तुंबतात. मागे वळून बघायचं नाही."

"आणि तुम्ही?"

"मी बघते माझं."

"म्हणजे काय बघता?"

"माझे गुडघे तुला माहीत आहेत. ती चढण मला झेपणारी नाही. मी माळ्यावर जाऊन बसेन. चिखल आला तर आला."

सगळ्या गावाचा बंदोबस्त करणाऱ्या बाईने स्वतःची सोय माळ्यावर केली होती! मी चिडले. म्हटलं, मी तुम्हाला सोडून जाणार नाही. तुम्ही म्हणालात, जायचंच. मी म्हटलं, पाठुंगळी घेईन. तुम्ही माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलंत आणि म्हणालात, "अगं, तुला दळणाचा डबा उचलत नाही." "शब्द दे" यावर तुम्ही अडून बसलात आणि "देणार नाही" यावर मी. आठ दिवस आपण बोललो नाही. फक्त वाट्या जात-येत होत्या. तुमच्याकडून आमटी यायची, माझ्याकडून रिकामी वाटी जायची नाही म्हणून सांभारवडी जायची. ऋचा दारात उभी राहून विचारायची, "आर यू गाइज स्टिल फायटिंग?"

मग आली ती चैत्रगौर. २००६ ची.

हळदीकुंकू माझ्याकडे, कैरीची डाळ तुमच्याकडे. बेलव्ह्यूहून, रेडमंडहून बायका आल्या होत्या, वीस-बावीस तरी असतील. काठपदराच्या साड्या, गजरे प्लास्टिकचे. गुरुवार होता, ऋचा शाळेत, समीर ऑफिसला. पन्ह्याचे ग्लास भरून झाले आणि भोंगा सुरू झाला.

पहिल्यांदा कोणाचं लक्षच गेलं नाही. मग मला जाणवलं, आज सोमवार नाही. भोंगा थांबेना. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही पदर खोचत होतात.

"हातातलं खाली ठेवा," तुम्ही म्हणालात. तीस वर्षं लोकांना मरणाबद्दल सांगून कमावलेला आवाज होता तो. "चपला घाला. पर्स नको. चला."

"मावशी, पण ओटी भरायची राहिलीय," कोणीतरी म्हणालं.

"वर भरू."

आणि त्या सगळ्या निघाल्या. आपल्या रस्त्यावरून पैठण्या आणि नारायणपेठा धावत सुटल्या. दोघींनी डाळीचं पातेलं दोन्ही कानांनी धरलं होतं. ते का घेतलं ते त्यांना आजही सांगता येत नाही. डेल आपल्या पायरीवर बसला होता. तुम्ही ओरडलात, "डेल! उठ!" तो म्हणाला, "नालू, इट्स ओन्ली अ..." आणि तुम्ही त्याच्याकडे असं काही बघितलंत, की तो पुढचा शब्द गिळून, पिशवी घेऊन चालायलाच लागला.

चर्चमागच्या चढणीवर अर्ध्यात तुम्ही थांबलात. वळणावरच्या दगडावर बसलात. मला वाटलं गुडघे. पण तुमचा चेहरा राखेसारखा झाला होता, ओठांवर घाम, आणि श्वास असा, की ऐकवेना. बायका पुढे गेल्या होत्या. मी, तुम्ही आणि डेल.

"जा," तुम्ही म्हणालात.

"नाही."

"मेधा, पोरगी वर आहे."

"माहीत आहे."

"मग जा की! काय बघतेस माझ्याकडे?"

मी वर बघितलं. झाडांमधून मुलांचे आवाज येत होते. त्यातला एक ऋचाचा असेल. चार पावलं मी गेलेसुद्धा. पाय आपोआप गेले. मग परत आले. तुम्ही मला शिव्या घातल्यात. कराडी शिव्या, एकीचाही अर्थ मला तेव्हा कळला नाही. मी तुमचा डावा हात माझ्या खांद्यावर घेतला, डेलने उजवा घेतला, आणि आपण निघालो. दहा पावलं, थांबा. दहा पावलं, थांबा. डेलची कंबर करकरत होती. तो म्हणाला, हा डोंगर जर आज फुटला नाही तर मी स्वतः जाऊन फोडीन.

मी का परतले ते तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, नंतरही नाही. एकदा मला पोचता आलं नव्हतं, मावशी. दुसऱ्यांदा तेच, आणि तेही स्वतःच्या पायांनी, मला जमणारच नव्हतं. पण हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मेथी आणून बसला असतात. म्हणून मी नुसतं "नाही" म्हणत राहिले आणि तुम्ही मला हट्टी म्हणत राहिलात.

टेकडीवर पोचलो तेव्हा काय दिसावं? शाळेची सगळी मुलं ओळीत बसून बिस्किटं खातायत. शिक्षिका हातात शिट्ट्या घेऊन फिरतायत. आणि आपल्या बायका त्यांना कैरीची डाळ वाटतायत. पेपर नॅपकिनवर. ऋचा ओळीतून उठून माझ्याकडे आली. लाल झाली होती.

"मॉम! व्हाय आर यू हिअर? इट्स अ ड्रिल!"

"काय?"

"अ ड्रिल! देअर वॉज अ नोट! बाबा साइन्ड इट!" मग माझ्यामागे साड्यांचा जथा बघून हळू आवाजात, "एव्हरीवन इज लुकिंग."

मुख्याध्यापिकाबाई धावत आल्या. म्हणाल्या, इतक्या वर्षांत गावातली मोठी माणसं पहिल्यांदाच ह्या पळायच्या सरावाला आली, मुलांसमोर केवढा आदर्श! त्यांनी आम्हा सगळ्यांना मुलांना देतात ते स्टिकर दिले, हसणाऱ्या डोंगराचे. तुम्ही दगडावर टेकून बसल्या होतात, रंग परतला होता. तुम्ही तो स्टिकर पदराला लावलात आणि म्हणालात, "घ्या आता ओट्या भरून."

खरोखरच तिथे ओट्या भरल्या. तांदूळ नव्हते, बिस्किटांनी भरल्या. मुख्याध्यापिकाबाईंचीसुद्धा. बर्फाखाली झाकलेला तो ज्वालामुखी समोर स्वच्छ उन्हात उभा होता, अगदी साळसूद चेहऱ्याने, पांढराशुभ्र.

उतरताना मी तुम्हाला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

"ड्रिल आहे ते. ऋचा रोज शाळेतून तुमच्याकडे येते. तिने तुम्हाला सांगितलं असणार. डेललाही माहीत होतं."

"डाळ जरा आंबट झाली का गं?"

त्यानंतर मी तुम्हाला कितीदा विचारलं असेल! सणाला, भांडणात, गाडीत, एकदा तर देवासमोर. प्रत्येक वेळी डाळीत काहीतरी कमी-जास्त झालेलं असायचं. पण त्याच संध्याकाळी तुम्ही आमच्याकडे येऊन समीरसमोर मला सांगितलंत, "तू नापास. पोर वर आणि तू खाली माझ्यापाशी. हे चालायचं नाही." खूप रागावल्या होतात. नापास करायला आधी परीक्षा घ्यावी लागते, मावशी. हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

तुमच्या परीक्षेत एक मात्र झालं. तुमचा श्वास आम्ही सगळ्यांनी ऐकला. आशुतोष दुसऱ्या दिवशी तुम्हाला डॉक्टरकडे घेऊन गेला, तर कळलं, गुडघे हा नुसता बहाणा होता. हृदयाची झडप बरीच वर्षं बिघडलेली, आणि तुम्हाला ते कराडपासून माहीत होतं. घरोघरी जाऊन लोकांना "काही लपवू नका, फॉर्ममध्ये खरं सांगा" म्हणणारी बाई! आशुतोष तुमच्यावर इतका ओरडला, की डेल काठी घेऊन बघायला आला.

औषधं सुरू झाली आणि आणखी दोन वर्षं मिळाली. त्यांत आपण काय केलं? भांडलो. तुम्ही म्हणायचात शब्द दे, मी म्हणायचे देत नाही. आशुतोषने टेकडीवर घर बघू या म्हटलं तर तुम्हीच नाही म्हणालात, टोमॅटो चांगले येणार नाहीत म्हणून. ऋचा तुमच्याशी मराठीत भांडायला शिकली. मला वाटतं तिला चांगलं मराठी येतं ते सगळं भांडणातलंच आहे. परवा टीचरला ती "उगाच फाटे फोडू नका" म्हणाली. टीचरला काही कळलं नाही ते बरं झालं. हे तुम्हाला सांगायचं होतं.

या ऑक्टोबरात तुम्हाला हॉस्पिटलमध्ये ठेवलं. ते शेजारच्या शहरात, उंचावर आहे. मी रोज सकाळी यायचे आणि ऋचाची शाळा सुटायच्या वेळी निघायचे. त्या दिवशी तुम्ही थकलेल्या होतात, पण डोळे नेहमीचेच, खिडकीबाहेर काहीतरी शोधणारे. डोंगर दिसत नव्हता, ढग होते. आशुतोषला तुम्ही कसलंतरी सूप आणायला पाठवलं होतं, आणि सूप तुम्हाला मुळीच आवडत नाही.

घड्याळ बघून मी म्हटलं, आज समीर आणेल ऋचाला, मी थांबते.

तुम्ही ढगांकडे बघत विचारलंत, "इथपर्यंत चिखल येतो का गं?"

मला हसू आलं. मी नर्सला विचारलं. तीही हसली. म्हणाली, नाही, आपण खूप उंचावर आहोत, इथे काही धोका नाही.

"नाही येत," मी तुम्हाला सांगितलं.

"नक्की?"

"नक्की. ती म्हणतेय ना."

"मग तू कशाला बसलीस? जा. पोरगी वाट बघेल."

म्हणून मी गेले. तुमच्या कपाळावरून हात फिरवला, उद्या मऊ भात आणते म्हटलं, तुम्ही म्हणालात मेतकूट विसरू नको, आणि मी गेले. लिफ्टपाशी एकदा वळून बघितलं, तुम्ही हाताने "जा, जा" करत होतात. शाळेबाहेर गाड्यांच्या रांगेत उभी होते तेव्हा आशुतोषचा फोन आला. ऋचा समोरून दप्तर हलवत येत होती आणि मी तिच्याकडे बघत ऐकत होते.

आता तुम्हाला वाटत असेल, जिंकलात. मी पोरीपाशी होते आणि तुम्ही मागे होतात, जसं तुम्हाला हवं होतं तसं. लोक मला तेच सांगतायत. मेधा, त्यांच्या मनासारखं झालं, त्यांनाच असं हवं होतं. मी मान डोलावते. पण मावशी, तुम्हाला खरं ते सांगते. मी त्या दिवशी गेले कारण तिथे चिखल येणार नव्हता. येणार असता तर मी हलले नसते. हे तुम्हाला पक्कं माहीत होतं, म्हणून तर मला पाठवायच्या आधी तुम्ही ते विचारून घेतलंत.